सहाव्याआधी सातवा फर्मा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही मी स्वतः बांधली आहे आणि कोरी ठेवली तर वाया जाईल, म्हणून लिहायला घेतली. दुसरं काही कारण नाही. आत्मचरित्र वगैरे लिहिण्याइतकं माझं डोकं अजून फिरलेलं नाही. हिच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या कादंबरीसाठी निळं कापड आणलं होतं, त्यातलं उरलं. कागद कपाटात पडूनच होते. चाळीस वर्षं छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढलेल्या माणसाला उरलेलं कापड बघवत नाही, त्याला आपण काय करणार!

कादंबरी अजून शिकंज्यात दाबून ठेवली आहे. दोन बहिणींची गोष्ट आहे म्हणे. हिची फार आवडती, इतकी की पानं अक्षरशः गळायला आली होती. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, असे वीस फर्मे सुटे करून, पुसून, काल पुन्हा ओळीने लावले आणि शिवले. शिवताना लेकीचा फोन आला. ही आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बोलत होती. दार लोटून! पंचेचाळीस वर्षांत या घरात फोनसाठी कुणी दार लोटलेलं नाही. माझं निम्मं लक्ष तिकडे होतं, पण हात आपले चालूच होते.

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मी खिडकीत बसून काढलं. कोण आलं, कोण गेलं, बघत. मग एक दिवस हिने एक फाटकं पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं आणि म्हणाली, "बघा जमतंय का. का विसरलात सगळं?" विसरलात म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक तयार. तेव्हापासून एक्केचाळीस झाली. हिच्या कपाटात एकशे बारा आहेत. सगळी बांधून काढायची, मगच मरायचं, असा माझा बेत आहे.

संध्याकाळी सात ते आठ ही मोठ्याने वाचते आणि मी ऐकत ऐकत काम करतो. छापखान्यात लाखो पानं माझ्या हाताखालून गेली, त्यातलं एक वाचलं असेल तर शपथ. पुस्तक हातात आलं की मी आधी कणा बघतो, मग शिवण. मजकूर हा हिचा प्रांत. ती लायब्ररीत एकतीस वर्षं होती.

खरं सांगायचं तर गेले काही महिने माझ्या मनात धाकधूक आहे. ही नवीन काही वाचायला घेतच नाही. जुनीच पुस्तकं काढते, आणि आठ वाजायच्या आधीच मिटते. हिला कंटाळा आलाय. वाचनाचा की माझा, कळायला मार्ग नाही. हा एक तास गेला तर उरलेल्या तेवीस तासांचं काय करायचं, मला ठाऊक नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक आली आणि आईला घेऊन गेली. पडदे बघायला. लहानपणी ही पोर बिस्किटं गालात लपवायची म्हणून मी तिला खारूताई म्हणायचो. आता चाळिशीची झाली, शाळेत गणित शिकवते, तरी लपवायची खोड जात नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी या दोघी पडदे बघायला जातात आणि हात हलवत परत येतात. "रंग पसंत पडला नाही." चार महिने? एवढ्यात मी पडद्याचं कापड विणून दिलं असतं.

परत आल्या तेव्हा हिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. "धूळ फार होती." आल्या आल्या झोपली.

माझ्या लक्षात आलंय सगळं. पुढच्या महिन्यात लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात. या दोघी मला न सांगता समारंभ ठरवताहेत. माणसं येणार, माझ्या गळ्यात काहीतरी घालणार, दोन शब्द बोला म्हणणार. मला फसवणं इतकं सोपं नाही. मी गप्प राहून बघणार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

ही सकाळी प्रार्थनेला जाऊन आली. मी घरीच. माझा देवावर विश्वास आहे, पण मी त्याला त्रास देत नाही. "तुमच्यासाठीही मागून आले," असं ही दर रविवारी म्हणते. काय मागितलंस, तर सांगत नाही. प्रार्थनेचं पुस्तक हिच्या आईचं आहे, पण ही ते उघडतसुद्धा नाही. सगळं पाठ.

काल कादंबरी तिच्या हातात दिली. तिने कण्यावरून बोट फिरवलं, मग कापडावरून तळवा. "छान झालंय हो," म्हणाली. बराच वेळ हात फिरवत बसली. मला बरं वाटलं. लगेच वाचायला सुरुवातही केली.

वाचताना तिच्याकडे बघत होतो आणि लायब्ररीतलं ते टेबल आठवलं. मी तेव्हा छापखान्यात नवीन होतो. बांधून झालेली पुस्तकं सायकलवरून लायब्ररीत पोचवायची कामगिरी माझ्याकडे. एक पुस्तक चिठ्ठीसह परत आलं: "यात सोळा पानं दोनदा आहेत आणि सोळा नाहीतच. बाइंडरने लक्ष द्यावे." बाइंडर म्हणजे मी. असा राग आला! तडक गेलो. ही मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पुस्तकं वाचता का कधी?"

"नाही."

"मग आपलं चुकलंय हे तुम्हाला कळणार कसं?"

"तुम्ही आहात ना!" मी रागानेच म्हणालो. ती हसायला लागली. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं आणि तेव्हापासून माझी प्रत्येक चूक मला न चुकता कळत आली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिच्या काही नव्या सवयी नोंदवून ठेवतो, कारण तोंडावर म्हटलं की भांडण होतं.

एक, चहा ओतताना कपात बोट धरते. "हे काय?" "गरम आहे का बघते." अगं, उकळता चहा गरमच असणार!

दोन, मला मोजे विणून दिले. एक निळा, एक हिरवा. मी काही बोललो नाही. शेजारच्या पोस्टमास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, हल्ली असेच घालतात. ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांना काहीही सांगितलं तरी पटतं. आता त्यांनाही तसेच हवेत.

तीन, मागच्या अंगणात तण काढायला बसली आणि मी लावलेली रोपं उपटली. तण तसंच. मी ओरडलो. नेहमी दोनाला चार देणारी बाई, एक शब्द बोलली नाही. आत निघून गेली. मग मला अपराधी वाटून मीच चहा केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज त्या दोन बहिणींचे वडील वारले. म्हणजे कादंबरीत. हिने असं वाचलं की माझी सुई हातातच राहिली. धाकटी बहीण वडिलांना पत्र लिहिते, ते गेल्यानंतर. "बाबा, तुमचा चष्मा मी अजून पुसून ठेवते. तुम्ही यायचे नाही हे मला कळतं, पण चष्म्याला कोण सांगणार?" मी नाक शिंकरायच्या निमित्ताने उठलो.

हल्ली ही मान थोडी वाकडी करून वाचते, पुस्तकाच्या कडेला काहीतरी असल्यासारखी. लग्नाच्या नव्या दिवसांत माझ्याकडे अशीच बघायची, सरळ न बघता. या वयातही मला ते आवडतं. लिहायला काय जातं, इथे कोण वाचतंय?

पण आठला दहा मिनिटं कमी असतानाच पुस्तक मिटलं. "आज पुरे." मी म्हटलं, अजून थोडं वाच ना. म्हणाली, "डोकं थकतं हो." पूर्वी तिला मी थांबवायचो, आता ती थांबवते. या हिशोबाने वर्षभरात हा तास अर्ध्यावर येईल आणि मग एक दिवस नसेलच.

६ मार्च, गुरुवार

पडदे. पाचवा महिना. पुन्हा काळा चष्मा. फ्रिजमध्ये एक छोटी बाटली सापडली, थेंबाची. "गुलाबपाणी आहे," म्हणाली. वास येत नाही. समारंभात नटायची तयारी चाललेली दिसते. नटू दे बापडी. आपण तिला काय फारसं नटवलं आहे?

१६ मार्च, रविवार

कादंबरी संपली तेव्हा हिने ती पोस्टमास्तरांना वाचायला दिली होती. आज बुद्धिबळाला आले ते पुस्तक घेऊनच. पट मांडायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या या कादंबरीत काहीतरी भानगड आहे बुवा."

"कसली?"

"त्या मुलींच्या बापाला पुरून सगळे घरी येतात. पान उलटलं तर बाप न्याहारीला बसलाय आणि पेपर मागतोय! मला वाटलं भूत असेल. म्हणून शेवटपर्यंत वाचली. भूत काही निघालं नाही."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्या हातून असलं काही होत नाही. ते गेल्यावर पुस्तक उघडलं. ऐंशीव्या पानानंतर एकदम सत्त्याण्णव. मग एकशे बारानंतर एक्याऐंशी. सहाव्या फर्म्याच्या आधी सातवा! त्या दिवशी लेकीचा फोन आला होता, दार लोटलं होतं, तेव्हाच झालं हे. मनातल्या मनात स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की खात्यातल्या जुन्या मुकादमाने शाबासकी दिली असती.

मग विचार आला, हिने कसं वाचलं? हिने तर सगळं सरळ वाचलं. न्याहारी आधी, मरण मग. एकदाही अडली नाही.

१७ मार्च, सोमवार

उलगडा झाला. तिला माझी चूक दिसली असणार. जिने सोळा पानांसाठी पुस्तक परत पाठवलं होतं, तिला हे दिसणार नाही? दिसलं, आणि माझा हिरमोड नको म्हणून तिने गुपचूप पानं पुढेमागे करून सरळ वाचून दाखवलं. म्हातारपणी माणूस इतकं मऊ होतं! मला गहिवरून आलं. म्हणजे कंटाळा वगैरे काही नाही. उगाच मी इतके महिने जीव जाळला.

ती पानं कशी शिताफीने उलटते, ते एकदा बघायची फार इच्छा आहे. परवा तिला वडिलांचं प्रकरण पुन्हा वाचायला लावतो आणि समोर बसून बघतो.

१९ मार्च, बुधवार

आज अक्षर नीट लागत नाही. तरी लिहितो.

संध्याकाळी सातला म्हटलं, आज ते वडिलांचं प्रकरण पुन्हा वाच. ती खूश झाली. टेबलावरून निळं पुस्तक उचललं. मी समोर बसलो. तिने उचललं होतं ते पुस्तक नव्हतं. ती ही वही होती. दुपारी लिहायला काढली होती ती तिथेच राहिली. तेच कापड, तोच आकार.

पहिल्यांदा मनात आलं, मेलो! आता कपातलं बोट, मोजे, रोपं, सगळं हिच्यासमोर. तिने वही उघडली. माझं अक्षर मला समोरून दिसत होतं, चांगलं ठसठशीत, कुणालाही दिसेल असं. तिने मान वाकडी केली आणि वाचायला लागली.

"त्या सकाळी वडील नेहमीसारखे न्याहारीला आले."

ती वाचत राहिली. न्याहारी, आजारपण, डॉक्टर, शेवटचा दिवस. मध्ये मध्ये पान उलटत होती. माझी लिहिलेली पानं संपली, कोरी लागली. कोऱ्या पानांवरून तिने धाकटीचं पत्र वाचलं, त्यातला चष्मा, सगळं, शब्द न् शब्द. मग वही मिटून म्हणाली, "आज पुरे."

मी म्हटलं, "छान वाचलंस." दुसरं काय म्हणणार?

२० मार्च, गुरुवार

लेकीच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली. मला बघूनच तिचा चेहरा उतरला.

"आईला दिसत नाही," मी म्हणालो.

तिने सगळं सांगितलं. आठ महिने झाले. डोळ्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. पान दिसतं, अक्षर नाही. डावा डोळा गेल्यातच जमा. उजवा अजून थोडा आहे, तो टिकावा म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन.

"पहिल्या गुरुवारी," मी म्हणालो.

"हो."

"म्हणजे समारंभ नाही?"

इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल. खारूताई एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. शाळेच्या फाटकात, मुलांसमोर. मी तिच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. "आईने शपथ घातली होती, बाबा. तुम्हाला कळलं तर तुम्ही पुन्हा खिडकीत जाऊन बसाल म्हणाली."

२२ मार्च, शनिवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज सकाळी चहा मी ओतला. मग विचारलं, "बुधवारी तू कुठलं पुस्तक वाचलंस?"

"निळं."

"या घरात दोन निळी आहेत."

ती हळूच म्हणाली, "हाताला जाड लागलं होतं खरं. पण म्हटलं, असेल." मग, "कुठलं होतं ते?"

"माझी वही."

"अगं बाई! काय लिहिलंय त्यात?"

"तुझ्याबद्दल वाईटसाईट."

तिने टेबलावर चाचपून माझा हात धरला. मी रडलो. सरळ लिहितो, रडलो. आठ महिने ही बाई माझ्यासमोर बसून आठवणीतून पुस्तकं सांगत होती आणि मी समोर बसून हिच्या चुका लिहीत होतो. रोपांसाठी ओरडलो होतो मी हिच्यावर. ते आठवून लाज वाटते.

"मला का नाही सांगितलंस?"

"एक्केचाळीस पुस्तकं बांधलीत तुम्ही. मला दिसत नाही म्हटलं असतं, तर बेचाळिसावं बांधलं असतंत?"

"नसतं."

"मग?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"तो केव्हाच आला. पंचेचाळीस वर्षं झाली." मग म्हणाली, "थकायला व्हायचं हो. दिवसभर घोकायचं, संध्याकाळी म्हणायचं. आणि सगळं कुठे आठवतं? नाही आठवलं तिथे पदरचं घालायची."

"आणि ते धाकटीचं पत्र? चष्म्याचं?"

"ते पुस्तकात नाही. ते माझंच."

मी उठून पुस्तक काढलं आणि शोधलं. खरंच नाही. पुस्तकात धाकटी नुसती रडते, दोन ओळी, आणि प्रकरण संपतं. आमच्या हिने जास्त चांगलं लिहिलंय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

२३ मार्च, रविवार

आज मी प्रार्थनेला गेलो. हात धरून नेलं तिला. म्हणजे खरं तर तिने मला नेलं, रस्ता तिला पाऊलपाठ आहे. शेजारी बसून मी देवाला मनात म्हणालो, मी तुझ्याकडे फारसा येत नाही, आजवर काही मागितलं नाही. तिचा उजवा डोळा तेवढा असू दे. बाकी काही नको.

येताना विचारलं, दर रविवारी तू माझ्यासाठी काय मागतेस, आता तरी सांग. म्हणाली, "तुमचे हात थरथरू नयेत."

"आणि स्वतःसाठी?"

"तेवढा वेळच उरत नाही."

२५ मार्च, मंगळवार

आजपासून मी वाचणार, असं जाहीर केलं. घरात जो गोंधळ झाला तो छापखान्यात संपाच्या वेळी झाला नव्हता. ती म्हणे, नको. मी म्हटलं, का नको? "मग मी काय करायचं? नुसतं बसायचं?" आणि डोळ्यांना पाणी. मी म्हटलं, मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं, मला काय झालं?

शेवटी बसली. मी तिचीच एक आवडती कादंबरी घेतली आणि घसा साफ केला. दोन वाक्यं झाली नाहीत तर म्हणाली, "पूर्णविरामाला थांबायचं असतं. तुमची गाडी चुकत नाहीये." जरा पुढे गेलो तर, "सूचना फलक आहे का तो? त्या बाईचा मुलगा हरवलाय!" मी म्हटलं, हरवला त्याला मी काय करू, मला वाक्य सापडत नाहीये.

आणि प्रत्येक वाक्य माझ्याआधी हिच्या ओठांवर. मी अडखळलो की ती पुढचा शब्द पुरवते. शेवटी मी पुस्तक आपटलं. "सगळं पाठ आहे तर मी कशाला घसा फोडतोय?"

अर्ध्या तासातच उठलो. दोघेही फुगून. मला वाटलं, संपला आपला तास. ज्याची भीती होती तेच झालं, आणि तेही माझ्या हाताने.

२९ मार्च, शनिवार

तीन दिवस सातला दोघेही आपापल्या खुर्चीत बसून राहिलो. ती विणत होती, मी कापड कापत होतो. घड्याळ तेवढं बोलत होतं.

आज सकाळी मी लायब्ररीत गेलो. एकटा, पहिल्यांदाच स्वतःच्या कामाने. तिच्या टेबलावर आता एक तरुण बाई बसते. मी म्हटलं, "मला असं पुस्तक द्या, जे माझ्या बायकोने वाचलेलं नाही."

"त्यांनी काय काय वाचलंय?"

"इथे एकतीस वर्षं होत्या त्या. तुमच्या आधी."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग उठून नव्या पुस्तकांच्या रॅककडे गेली. एक जाड कादंबरी आणली, गेल्याच महिन्यात आलेली. कणा अगदीच सुमार, शिवणच नाही, नुसता सरस चोपडलेला. दोनदा उघडली की पानं सुटतील. मी जिभेवर आलेलं गिळलं आणि पुस्तक घेतलं.

संध्याकाळी सातला वाचायला लागलो. एका नदीवर एक बाई नाव चालवते, एकटी. एवढं वाचून थांबलो. हिच्या तोंडून पुढचा शब्द येईल म्हणून वाट बघितली.

शब्द आला नाही. तिने सुया खाली ठेवल्या होत्या. "पुढे?" ती म्हणाली.

३ एप्रिल, गुरुवार

आज पडद्यांना मीही गेलो. खारूताई, ही आणि मी. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात स्थिर, ते मी लगेच हेरलं. उजवा डोळा आहे तिथे टिकून आहे, म्हणाल्या. सुधारणार नाही, पण टिकेल असं वाटतंय. इंजेक्शन चुकवायचं नाही. सुई डोळ्यात जाताना मी बाहेर पळालो, आणि चाळीस वर्षं सुई हातात धरलेली आहे हे लेकीने मला ऐकवलं.

संध्याकाळी हिच्या डोळ्यावर पट्टी. मी म्हटलं, आज राहू दे वाचन. तर म्हणाली, "कानाला कुठे पट्टी बांधलीय?"

७ एप्रिल, सोमवार

आज मोठं भांडण झालं.

मी अडखळतो ते मलाच आवडत नाही. म्हणून सकाळी ती बागेत असताना आजचं प्रकरण एकदा वाचून ठेवलं. सराव म्हणून. बाईच्या नावेत एक माणूस येऊन बसतो, बारा वर्षांपूर्वी तिला न सांगता सोडून गेलेला. ती त्याला ओळखते आणि तरी नाव सोडते. ऐन मध्यावर तो म्हणतो, मी तुला एक गोष्ट सांगायला आलोय. प्रकरण संपतं. मी पुढचं पान उलटणारच होतो, एवढ्यात ही बागेतून आत आली. नाहीतर वाचलंच असतं. काय सवय लागली ही या वयात!

संध्याकाळी वाचलं तर चांगलं सरळ, न अडखळता. मला वाटलं, ही कौतुक करेल. निम्म्यावर तिने हात वर केला. "थांबा. तुम्ही हे आधी वाचलंत."

"अडखळू नये म्हणून जरा..."

"अडखळा ना! कोण म्हणालं अडखळू नका?" इतकी चिडलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नाही. "आठ महिने मी तेच तेच ऐकतेय, माझ्याच तोंडून! कोण मरणार ते ठाऊक, कोण परत येणार ते ठाऊक. आता कुठे एक गोष्ट मिळाली, तर तुम्ही मला मागे टाकून एकटेच पुढे गेलात?"

मी म्हटलं, चुकलो. तिचं समाधान झालं नाही. पुढचंही वाचलंत का, म्हणून दोनदा विचारलं. नाही म्हटलं, देवाची शपथ घेतली. मग म्हणाली, "वाचा आता उरलेलं. सावकाश." मी वाचलं. माणूस म्हणाला, मी तुला एक गोष्ट सांगायला आलोय. मी पुस्तक मिटलं. ती किती तरी वेळ तशीच बसून होती, पुढे वाकून.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारचे चार वाजलेत. बेचाळिसावं पुस्तक बांधायला घेतलंय, फर्म्यांचे आकडे तीनदा तपासले. नदीवाली कादंबरी हिने स्वतः वरच्या फळीवर नेऊन ठेवली आहे आणि फळीला हात लावायचा नाही असं मला बजावलंय. सकाळपासून ती दोनदा येऊन विचारून गेली, तो काय सांगेल असं तुम्हाला वाटतं? पहिल्यांदा मी म्हटलं, तो माफी मागेल. ती म्हणाली, असला माणूस माफी मागत नाही. दुसऱ्यांदा ती म्हणाली, त्याला मूल असेल. मी म्हटलं, काहीतरीच!

मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. आत्ता पुन्हा दारात आली आणि किती वाजले विचारलं. सव्वाचार, मी म्हटलं. "अजून सव्वाचारच?" म्हणाली, आणि पाय आपटत बागेत गेली.